पोई, वांगे आणि भूमध्य समुद्र

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात खाद्यपदार्थांच्या एका टेबलावर मुलांनी खडूने ‘पानीनी’ अशी पाटी लिहून ठेवली होती. संस्कृत घेतलेला एक विद्यार्थी तेथे थबकला आणि ‘अष्टाध्यायीकार येथे कसे?’ अशी त्याने गंभीर मुद्रेने पृच्छा केली. भोवतालची मंडळी खळखळून हसली. हसण्याचा भाग सोडला तरी त्या शब्दात थोडे व्याकरण आहेच. इटालियन भाषेत ‘पाने’ म्हणजे पाव. ‘पानीनो’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, म्हणजे छोटा पाव. आणि ‘पानीनी’ हे त्याचे अनेकवचन. तेव्हा एकच नग हातात धरून ‘हा पानीनी’ म्हणणे हे एकच केळे हातात धरून ‘ही केळी’ म्हणण्यासारखे आहे. जगभरच्या उपाहारगृहांनी ही चूक इतकी रूढ केली आहे की आता ती दुरुस्त होण्याची आशा नाही. परंतु भाषेच्या विद्यार्थ्याला ती ठाऊक असावी.

दोन पावांच्या मध्ये काही घालून ते विस्तवावर दाबून भाजणे, हा या लेखाचा विषय. त्यात भूमध्य समुद्राच्या काठची चव आणि आपल्या परसातील जिन्नस यांचा मेळ कसा घालावा, हे मला सांगावयाचे आहे. अशा मेळाला हल्ली ‘फ्यूजन’ असे भारदस्त नाव आहे. वार्षिक अंकात असल्या विषयाला जागा कशाला, असे काही पालकांनी मला विचारले. मुलांना पोळे, सान्ना, खतखते शिकवायचे सोडून हे परदेशी थेर कशाला, असाही एक सूर होता. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो आणि मगच चुलीकडे वळतो.

पाव हा गोव्यात केवळ खाण्याचा पदार्थ कधीच नव्हता. माझ्या आजीच्या पिढीपर्यंत गावोगावच्या कितीतरी हिंदू घरांत पोदेराचा पाव चुलीपर्यंत येत नसे. मुलांनी बाहेर खाल्ला तर मोठी माणसे न पाहिल्यासारखे करीत, पण स्वयंपाकघराचा उंबरठा त्याला ओलांडू देत नसत. या सोवळ्यामागे इतिहास आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा शहर जिंकले आणि १५६० साली तेथे धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. कोणी काय खावे आणि कसे शिजवावे यालाही त्या राजवटीत धर्माचा अर्थ येऊन चिकटला. १७३६ सालच्या फर्मानाने तर हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवण्यासही ख्रिस्ती झालेल्या लोकांना मनाई केली होती. भातातील चिमूटभर मिठावरून ज्या भूमीत माणसाची श्रद्धा तपासली गेली, तेथे दुसऱ्या बाजूने पावाविषयी भय उत्पन्न झाले असल्यास नवल नाही. आज ते भय राहिलेले नाही. पहाटे आणि संध्याकाळी सायकलच्या भोंग्याचा आवाज आला की सर्व धर्मांच्या घरांतून माणसे पिशवी घेऊन बाहेर येतात. तरीसुद्धा डब्यात पाव आणणाऱ्या मुलाकडे पाहून एखादा खवचट शब्द उच्चारला गेलेला मी वर्गात ऐकला आहे. म्हणून या विषयाला शाळेच्या अंकात जागा हवी, असे मला वाटते.

आता पाव या शब्दाकडे पाहू. तो पोर्तुगीज भाषेतील ‘पांव’ या शब्दावरून आला. चार तुकड्यांतील एक म्हणून पाव, किंवा कणीक पायांनी तुडवतात म्हणून पाव, या दोन्ही व्युत्पत्ती लोकांनी रचलेल्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पाव भाजणाऱ्या ‘पादेरु’चा आपण पोदेर केला आणि त्याच्या भट्टीला, म्हणजे ‘फोर्नु’ला, फोर्न म्हटले. पूर्वी पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर वापरीत. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात. पोदेरापाशी मिळणाऱ्या प्रकारांत उंडो, कातऱ्याचा पाव, कांकण आणि पोई हे आपल्या ओळखीचे. यांतील पोई आपल्याला हवी आहे. ती गव्हाच्या जाडसर पिठाची, वर कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ अशी असते. भट्टीच्या तीव्र उष्णतेने आतल्या ओलाव्याची एकदम वाफ होते आणि दोन थर एकमेकांपासून सुटतात. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर लेबनॉन, सीरिया, सायप्रस या देशांत ‘पीता’ नावाची जी चपटी, खिशासारखी भाकरी खातात, तिचा खिसाही याच वाफेने तयार होतो. वाफेला भूगोल ठाऊक नसतो.

भूमध्य समुद्र हा तीन खंडांनी वेढलेला आहे आणि त्याच्या काठी वीसाहून अधिक देश आहेत. तेथील आहारपद्धती युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. त्या वेळी स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को ही चार राष्ट्रे तीत होती. २०१३ साली सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल यांची भर पडली. नकाशा उघडून पाहिलात तर पोर्तुगालचा एकही किनारा भूमध्य समुद्राला लागत नाही असे दिसेल. तो सारा अटलांटिकवर आहे. परंतु गहू, द्राक्षे आणि ऑलिव्ह या तीन पिकांवर उभी राहिलेली राहणी समुद्राच्या रेषेवर थांबत नाही. तेव्हा आपल्या पोदेराच्या पावाचे मूळ या कुटुंबातच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या किनाऱ्यांवर पावात काही घालून खाण्याचे प्रकार असंख्य आहेत. फ्रान्सच्या दक्षिणेस नीस शहरात गोल पाव ऑलिव्ह तेलाने भिजवून त्यात टोमॅटो, अंडे आणि खारवलेले छोटे मासे घालतात. त्याला ‘न्हालेला पाव’ अशा अर्थाचे नाव आहे. स्पेनच्या कातालोनिया प्रांतात भाजलेल्या पावावर पिकलेला टोमॅटो नुसता घासतात आणि वर तेल व मीठ घालतात. त्यापेक्षा साधे खाणे मला तरी माहीत नाही. तुर्कस्तानात एजियन समुद्राकाठचे आयवालिक हे गाव दाबून भाजलेल्या ‘तोस्त’साठी प्रसिद्ध आहे. सायप्रसमध्ये हालुमी नावाचे चीज कोळशावर भाजून पीतात भरतात. ‘सँडविच’ हे नाव मात्र इंग्लंडचे. अठराव्या शतकात सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू यांच्यावरून ते पडले आणि १७६२ साली इतिहासकार गिबन याच्या रोजनिशीत त्याचा उल्लेख आढळतो. नाव त्यांचे, वस्तू फार जुनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील यहुदी आचार्य हिलेल हे सणाच्या बेखमीर भाकरीत कडू पाला घालून खात, अशी परंपरा आहे.

आपल्या पदार्थात मुख्य भाजी वांग्याची आहे, आणि या वांग्याची कथा मला सर्वांत प्रिय आहे. वांगे आपल्याकडचे. संस्कृतात त्याला ‘वातिंगण’ असे एक नाव होते. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की त्यावरून फारसीत ‘बादिंगान’ झाले. अरबांनी त्यापुढे आपले ‘अल्’ हे उपपद लावून ‘अल्-बादिंजान’ म्हटले. अरबांबरोबर ही भाजी आणि तिचे नाव दोन्ही भूमध्य समुद्राच्या काठाने पश्चिमेकडे गेली. स्पेनमध्ये ती ‘बेरेंखेना’ झाली, कातालोनियात ‘अल्बर्जीनिया’, तेथून फ्रान्समध्ये ‘ओबर्जीन’, आणि पोर्तुगालमध्ये ‘बेरिंजेला’. पोर्तुगीज जहाजांतून हा शेवटचा शब्द पुन्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला आणि येथील इंग्रजीत ‘ब्रिंजल’ म्हणून रुजला. घरचे मूल शेकडो वर्षे परगावी राहून परके नाव घेऊन परत यावे, आणि घरच्यांनी त्याला इंग्रजी समजून पाठ करावे, तसा हा प्रकार आहे.

याच्या उलट प्रवास चण्याचा. चण्याची शेती प्रथम आजच्या आग्नेय तुर्कस्तानाच्या परिसरात सुरू झाली असे पुरावे सांगतात. तेथून तो आपल्याकडे आला. तीळ मात्र आपल्या उपखंडातले. लेबनॉनमध्ये शिजवलेले चणे आणि वाटलेले तीळ एकत्र करून ‘हुम्मुस’ करतात, तेव्हा तिकडचा चणा आणि इकडचा तीळ एका वाडग्यात भेटतात. टोमॅटो, भोपळी मिरची व तिखट मिरची ही तिघेही अमेरिकेची. १४९२ सालानंतर ती युरोपात आली आणि पोर्तुगीजांच्या मार्गाने मिरची आपल्याकडे पोचली. इटलीत टोमॅटोची कोशिंबिरीवजा चटणी कशी करावी, हे सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्सच्या आंतोनियो लातिनी याने लिहिले, आणि तिला ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हटले. म्हणजे ज्याच्यावाचून आज इटलीचे पान हालत नाही, तो टोमॅटो त्या काळी तेथे पाहुणाच होता. ‘हे आमचे, ते परक्यांचे’ अशी ताटात रेघ ओढू पाहणाऱ्याने ती नेमकी कोठे ओढावी?

असो. आता चुलीकडे.

पाव भाजल्यावर खमंग का लागतो, हे आधी समजून घेतले तर कृतीतील अर्ध्या सूचना सांगाव्याच लागणार नाहीत. पदार्थातील शर्करा आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून तपकिरी रंग व शेकडो प्रकारचे सुवास निर्माण होतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. तिला मायार अभिक्रिया म्हणतात. ती जोमाने होण्यास सुमारे १४० अंश सेल्सिअस उष्णता लागते. पाणी १०० अंशांवर उकळते, आणि जोपर्यंत पृष्ठभागावर पाणी आहे तोपर्यंत तेथील उष्णतामान त्याच्या फारसे वर जात नाही. सारी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. यास्तव ओला पाव भाजला जात नाही, शिजतो. चांगल्या सँडविचचे सारे रहस्य पाण्याला आधीच निरोप देण्यात आहे. मुलांच्या पहिल्या प्रयत्नात टोमॅटोच्या जाड, रसाळ चकत्या पोईत गेल्या होत्या आणि तव्यावर चर्र आवाजाऐवजी नुसतीच वाफ निघत होती, ती यामुळेच.

दुसरी गोष्ट चीजची. सायप्रसचे हालुमी हे शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाचे. २०२१ साली युरोपीय संघाने या नावाला संरक्षण दिले. ते विस्तवावर ठेवले तरी वितळत नाही, उलट त्याला सोनेरी पापुद्रा येतो. कारण त्याचा चोथा गरम निवळीत पुन्हा शिजवून घट्ट केलेला असतो. आपले पनीरही वितळत नाही, पण कारण वेगळे. साध्या चीजमध्ये केसीन या प्रथिनाचे कण कॅल्शियमच्या दुव्यांनी जोडलेले असतात. उष्णतेने ते दुवे सैल होतात आणि चीज वाहू लागते. पनीर करताना उकळत्या दुधात आपण लिंबू किंवा व्हिनेगर घालतो. आम्लामुळे बरेचसे कॅल्शियम निघून जाते, प्रथिने एकमेकांना घट्ट धरतात, आणि नंतर कितीही तापवले तरी ती पकड सुटत नाही. तेव्हा हालुमीच्या जागी पनीर चालते, हा निव्वळ आर्थिक तडजोडीचा सल्ला नव्हे. तव्यावर दोघांची वागणूक सारखी असते. उणीव असते ती मिठाची. ग्रीसचे फेटा काय किंवा हालुमी काय, दोन्ही खाऱ्या पाण्यात मुरलेली असतात आणि आपले पनीर अळणी असते. ती उणीव कशी भरून काढावी ते पुढे येईलच.

तिसरी गोष्ट ऑलिव्हची. हे फळ झाडावरून तोडून तोंडात घातले तर ओल्युरोपीन नावाच्या द्रव्यामुळे कडू जहर लागते. आठवडे किंवा महिने खाऱ्या पाण्यात राहिल्यावर ते खाण्याजोगे होते. बरणीतील ऑलिव्ह आता आपल्या बाजारात मिळते, पण त्याच्या किमतीत घरची आठवड्याची भाजी येईल. मला त्याच्या जागी आपली चेपणीची तोरे सुचतात. उन्हाळ्यात कोवळ्या कैऱ्या मिठात दाबून बरणीत भरतात आणि पावसाळ्यात पेजेबरोबर खातात, ती गोव्याच्या मुलांना काय सांगावी! दोन्ही कच्ची फळे, दोन्ही मिठाने टिकवलेली. ऑलिव्हमध्ये तेलाचा स्निग्धपणा आणि किंचित कडवटपणा असतो, तोर आंबट असते. चव एक नाही हे मान्य. परंतु चीजचा तुपटपणा आणि वांग्याचा गोडवा यांच्या मध्ये खारट काहीतरी यावे, हे काम दोन्ही सारखेच करतात. माझ्या मते तोरच अधिक चांगले करते, पण हा पक्षपातही असू शकेल.

आणि वासाचा पाला. तिकडे टोमॅटो-वांग्यावर ओरेगानो आणि थाइम घालतात. थाइममधील मुख्य सुगंधी द्रव्य थायमॉल होय, आणि तेच आपल्या ओव्यात भरपूर असते. अंगणातील कुंडीत जाड, लवदार पानांचा पानओवा असतो, ज्याची भजी करतात, त्यात थायमॉलचे सख्खे भावंड असलेले कार्व्हाक्रॉल सापडते. ओरेगानोचा वासही त्याचाच. परदेशी बाटली विकत घेण्याआधी कुंडीकडे जाऊन एक पान चुरगाळून पाहा.

चार माणसांसाठी चार पोया घ्याव्यात. त्या आदल्या दिवशीच्या असल्या तर उत्तम, कारण शिळ्या पोईत पाणी कमी असते. जिथे पोई मिळत नाही, तिथे बेळगाव-इंदूरच्या वाचकांनी कुलचा किंवा साधा जाड पाव घ्यावा. गोड लागणारा मऊ पाव मात्र घेऊ नये, तो दाबला की त्याचा लगदा होतो.

रात्री अर्धी वाटी काबुली चणे भरपूर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी दोन बोटांत सहज चिरडतील इतके मऊ शिजवावेत. दोन मोठे चमचे तीळ कोरडेच भाजावेत. ते उडू लागले की तवा उतरवावा, नाहीतर कडू होतात. तीळ आधी एकटेच बारीक वाटावेत, त्यांना तेल सुटले की मग चणे, लसणीची एक पाकळी, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि लागेल तसे चण्याचे पाणी घालून लोण्यासारखे मऊ वाटण करावे. वाटण आपल्याला लागते त्याच्या दुप्पट होईल. उरलेले चपातीबरोबर खाल्ले तर कोणी हरकत घेणार नाही.

भरताच्या जातीचे एक वांगे, साधारण पाव किलोचे, अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्यांत कापावे. दोन्ही बाजूंना मीठ चोळून चाळणीवर अर्धा तास ठेवावे. मिठामुळे पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते. विज्ञानाच्या पुस्तकात परासरणाची जी आकृती तुम्ही काढता, ती येथे डोळ्यांनी दिसते. मग चकत्या धुऊन, स्वच्छ फडक्यात दाबून कोरड्या कराव्यात आणि तव्यावर थोड्या शेंगदाणा तेलात दोन्हीकडून तपकिरी होईतो भाजाव्यात. घाई करू नये. अर्धवट भाजलेले वांगे हा जगातील सर्वांत निरुत्साही पदार्थ आहे.

एक भोपळी मिरची थेट विस्तवावर सर्व बाजूंनी काळी होईपर्यंत भाजावी, झाकून ठेवावी, आणि दहा मिनिटांनी साल काढून पट्ट्या कराव्यात. साल निघावी म्हणून पाण्याखाली धरण्याचा मोह होतो. तसे केल्यास साल जाते आणि चवही जाते. एक टोमॅटो चिरून त्यातील बी व रस चमच्याने काढून टाकावा आणि गराचे फक्त बारीक तुकडे घ्यावेत. काढलेला रस सारात घालावा.

दीडशे ग्रॅम पनीरचे बोटभर जाडीचे काप कापून, एक वाटी पाण्यात एक चमचा मीठ विरघळवून त्यात तासभर बुडवून ठेवावेत आणि नंतर टिपून कोरडे करावेत. हीच ती उणीव भरून काढण्याची युक्ती. याशिवाय साध्या डबाबंद चीजचा पन्नासएक ग्रॅम कीस घ्यावा. त्याचे काम चवीपेक्षा गोंदाचे आहे: ते वितळून पोई आणि भाजी यांना एकत्र धरते. तोरेचा दोन चमचे चुरा करावा. फार खारट असल्यास दहा मिनिटे साध्या पाण्यात ठेवून पिळून घ्यावा. पानओव्याचे एक मोठे पान अगदी बारीक चिरावे. एकच. दोन पाने घातली की सँडविच खाताना सर्दीची आठवण होते.

पोईचा खिसा सुरीने अर्धा उघडावा. आत एका बाजूस चण्याचे वाटण लावावे; त्याचा दाट थर पावाला ओलाव्यापासून सांभाळतो. त्यावर वांगे, पनीर, मिरची, टोमॅटो, तोर, पानओवा, आणि दुसऱ्या बाजूस चीजचा कीस. खिसा गच्च भरू नये. दाबल्यावर बाहेर आलेली भाजी तव्यावर जळते आणि सर्वांना तिचाच वास येतो.

जाड लोखंडी तवा मंद आचेवर पाच मिनिटे तापू द्यावा. आच मंद का, तर पावात हवेची असंख्य छिद्रे असतात आणि हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे. मोठ्या आचेवर बाहेरची बाजू करपते आणि आतले चीज थंडच राहते. पोईला बाहेरून तेलाचा हात लावून तव्यावर ठेवावी, वर सपाट ताटली, आणि ताटलीवर पाण्याने भरलेले पातेले किंवा खलबत्त्यातील खल. दोनएक किलो वजन पुरे. दाबल्यामुळे पोईचा सारा पृष्ठभाग तव्याला टेकतो, छिद्रे मिटतात, उष्णता आत पोचते. तीन-चार मिनिटांनी उलटून दुसरी बाजू तितकाच वेळ भाजावी. वजन चढवताना आणि उतरवताना लहान मुलांजवळ मोठ्या माणसाने उभे राहिलेच पाहिजे. तापलेल्या तव्यावर पाण्याचे पातेले कलंडले तर वाफेने हात भाजतो. ज्यांच्याकडे निखाऱ्यांची शेगडी आहे त्यांनी शेवटचे अर्धे मिनिट जाळीवर धरावे. तो धुराचा वास कोणत्याही विजेच्या यंत्रातून निघत नाही.

ऑलिव्ह तेल घरात असेल तर ते भाजण्यासाठी खर्च करू नये. त्याचा नाजूक वास उष्णतेने उडून जातो. सँडविच उतरवल्यावर उघडून आत चमचाभर थेंब थेंब सोडावे. नसेल तर त्याच्यावाचून काही अडत नाही. खोबरेल मात्र घालू नका. त्याच्यावर माझे प्रेम कमी नाही, पण येथे ते इतर कोणालाच बोलू देत नाही.

डब्यात न्यावयाचे असेल तर दोन बदल आवश्यक आहेत. भाजलेली पोई गरम असतानाच झाकणबंद केली तर तिचीच वाफ झाकणाला लागून पुन्हा तिच्यावर ठिबकते आणि सारी मेहनत मऊ पडते. म्हणून ती जाळीवर दहा मिनिटे निवू द्यावी, कागदात गुंडाळावी आणि मग डब्यात ठेवावी. आणि आपल्या दमट हवेत सकाळी सात वाजता भरलेले पनीर दुपारपर्यंत निर्धास्तपणे टिकत नाही, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत. चण्याचे वाटणही लवकर आंबते. डब्याच्या पोईत पनीर व वाटण गाळून वांगे, मिरची, तोर आणि नुसत्या भाजलेल्या तिळांचे कूट घालावे. पनीरची पोई संध्याकाळसाठी ठेवावी. त्या वेळी पोदेरही दारावरून जातो.